तापवताना एक तापमान, थंड करताना दुसरे : प्रावस्था संक्रमणाच्या मोजणीतली नेहमीची तक्रार आणि तिचे निवारण

तापमान बदलून स्फटिकाची प्रावस्था, म्हणजे त्याच्यातील अणूंची विशिष्ट रचना, बदलायची आणि पुन्हा मूळ प्रावस्थेवर आणायची, अशा कोणत्याही प्रयोगात एक तक्रार हमखास येते. तापवताना संक्रमण एका तापमानाला दिसते, थंड करताना ते काही अंश खाली दिसते, आणि दुसऱ्या दिवशी तोच नमुना पुन्हा तापवला तर आदल्या दिवशीचा आकडाही जुळत नाही. संक्रमण परतवता येणारे, म्हणजे व्युत्क्रमी आहे, असे पुस्तकात वाचलेले असते; त्यामुळे दोन्ही दिशांना एकच तापमान मिळायला हवे अशी अपेक्षा असते, आणि ते मिळाले नाही की नमुना खराब आहे किंवा यंत्र बिघडले आहे, असा निष्कर्ष घाईने काढला जातो.

ही अपेक्षाच आधी दुरुस्त करायला हवी. व्युत्क्रमी संक्रमण म्हणजे तापमान मूळ ठिकाणी आणल्यावर मूळ रचना परत मिळते, एवढेच. ती त्याच तापमानाला आणि त्याच वाटेने परत येईल, याची हमी त्यात नाही. ज्या संक्रमणात सुप्त उष्णता असते आणि घनफळ एकदम बदलते, त्या पहिल्या कोटीच्या संक्रमणात नव्या प्रावस्थेचे केंद्रक, म्हणजे पहिला सूक्ष्म अंश, जुन्या प्रावस्थेच्या पोटात तयार व्हावे लागते. तिथे नव्या-जुन्याच्या सीमेची ऊर्जा आणि दोन जालकांच्या, म्हणजे अणूंच्या नियमित मांडण्यांच्या, न जुळण्यामुळे येणारा ताण यांचा खर्च भागवावा लागतो. हा खर्च भागेपर्यंत पदार्थ तापवताना समतोल तापमानाच्या थोडा वर आणि थंड करताना थोडा खाली जुन्याच प्रावस्थेत राहतो. याच अंतराला औष्णिक हिस्टेरिसिस म्हणतात, आणि तो पदार्थाचा खरा गुणधर्म आहे. अडचण अशी की आपल्या आलेखावर दिसणाऱ्या अंतरात हा खरा भाग आणि उपकरणाने घातलेला खोटा भाग एकत्र मिसळलेले असतात. हे दोन भाग वेगळे केल्याशिवाय पुढचा कोणताही अर्थ लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रबंधांत आणि अहवालांत छापून येणारे हिस्टेरिसिसचे कितीतरी आकडे केवळ या एका कारणाने परस्परांशी तोलता येत नाहीत.

पहिली तपासणी : दर बदलून पाहावा

डीएससी यंत्रात, म्हणजे तापवताना किंवा थंड करताना नमुना किती उष्णता घेतो वा सोडतो ते मोजणाऱ्या यंत्रात, तापमान मोजणारा संवेदक नमुन्याच्या आत नसतो. तो पॅनच्या, म्हणजे नमुना ठेवण्याच्या छोट्या भांड्याच्या, खाली असतो. भट्टी तापत असताना संवेदक नमुन्याच्या पुढे असतो, म्हणून संक्रमण प्रत्यक्षापेक्षा वरच्या तापमानाला झाल्यासारखे दिसते. थंड करताना तो नमुन्याच्या आधी थंड होतो, म्हणून संक्रमण खाली झाल्यासारखे दिसते. दोन्ही चुका अंतर वाढवणाऱ्याच आहेत, आणि दोन्ही दराबरोबर वाढतात. म्हणून एकच नमुना मिनिटाला २०, १०, ५ आणि २ अंश अशा वेगवेगळ्या दरांनी तापवून आणि थंड करून पाहावा, आणि संक्रमणाच्या आरंभाचे तापमान दरासमोर मांडून रेषा शून्य दरापर्यंत मागे न्यावी. समजा, २० अंशांच्या दराने अंतर १२ अंश आले, १० च्या दराने ९ आणि ५ च्या दराने साडेसात, तर शून्य दरावर ते ६ अंशांवर येऊन थांबते. यातले ६ अंश नमुन्याचे आणि उरलेले सगळे घाईचे. रेषा शून्याच्या आसपास पोहोचत असेल, तर हिस्टेरिसिस जवळपास नाहीच आणि आपण केवळ यंत्राची दिरंगाई मोजत होतो.

येथे दोन पथ्ये पाळावी लागतात. पहिले म्हणजे शिखराचे टोक वाचू नये, आधाररेषा आणि शिखराच्या चढाची स्पर्शरेषा जिथे छेदतात तो आरंभबिंदू वाचावा. टोकाचे तापमान नमुन्याच्या वस्तुमानावर अवलंबून असते. ५ मिलिग्रॅमऐवजी १५ मिलिग्रॅम घेतले की टोक सरकते, आरंभबिंदू फारसा हलत नाही. दुसरे म्हणजे नमुना पॅनच्या तळाला सपाट बसलेला असावा. एकच जाड खडा पॅनमध्ये तिरका पडला असेल तर तो तळाला दोन-तीन ठिकाणीच टेकतो, आणि शिखर रुंद, कधी दुभंगलेले येते. अशी दुभंगलेली शिखरे दोन वेगळ्या प्रावस्थांची म्हणून सांगितली जातात. त्याआधी तोच खडा बारीक कुटून, पातळ थर करून, झाकण नीट दाबून पुन्हा मोजावा. शिखर एक झाले तर प्रश्न तिथेच मिटतो. मात्र खलबत्त्यात फार जोराने घोटू नये, कारण घोटण्याने स्फटिकात ताण आणि दोष भरतात आणि काही पदार्थांत संक्रमणाचे तापमानच सरकते.

दर कमी करूनही अंतर उरले की पुढची पायरी थांबून पाहण्याची. थंड करताना समतोल तापमानाच्या किंचित खाली तापमान स्थिर धरावे आणि वाट पाहावी. काही वेळाने संक्रमण आपोआप सुरू झाले, तर अडथळा केंद्रकनिर्मितीच्या वेगाचा आहे आणि वेळ दिल्यास तो ओलांडला जातो. कितीही थांबले तरी काहीच घडत नसेल आणि तापमान आणखी खाली नेल्यावरच पुढचा भाग बदलत असेल, तर ते मार्टेन्साइटसारखे, म्हणजे अणू एकत्रितपणे थोडे सरकून होणारे, संक्रमण आहे. तिथे वेळेला महत्त्व नाही, तापमानाला आहे. हा फरक ठाऊक नसला की पहिल्या प्रकारच्या नमुन्यावर दोन प्रयोगशाळा दोन वेगळी तापमाने देतात आणि दोघीही आपापल्या परीने बरोबर असतात.

कॅलिब्रेशन बहुधा एकाच दिशेचे असते

बहुतेक ठिकाणी डीएससीचे कॅलिब्रेशन इंडियम आणि कथिल वितळवून केले जाते. इंडियम १५६.६ अंश सेल्सिअसला वितळते, कथिल २३१.९ अंशांना. हे तापवण्याच्या दिशेला उत्तम आहे. पण थंड करताना हे दोन्ही धातू गोठणबिंदूच्या खाली द्रवरूपातच राहतात, कथिल तर बरेच खाली जाते. म्हणून त्यांच्या गोठण्यावरून थंड करण्याच्या दिशेचे कॅलिब्रेशन करता येत नाही. परिणाम असा होतो की तापवण्याचा आकडा दुरुस्त केलेला आणि थंड करण्याचा आकडा न दुरुस्त केलेला, असे दोन विजोड आकडे वजा करून हिस्टेरिसिस काढला जातो. यावर उपाय म्हणजे अतिशीतन जवळपास होतच नाही असे संक्रमण वापरणे. काही द्रव स्फटिकांचे स्मेक्टिक-नेमॅटिक संक्रमण (रेणूंची थरबद्ध मांडणी मोडून केवळ एका दिशेला वळलेली मांडणी उरण्याचे) या कामाला घेतात. उंच तापमानाला क्वार्ट्झचे ५७३ अंशांचे अल्फा-बीटा संक्रमण उपयोगी पडते. ल शातलिए यांनी १८८९ मध्ये नोंदवलेले हे संक्रमण जवळपास अंशभराच्याच हिस्टेरिसिसने दोन्ही दिशांना घडते. मात्र ॲल्युमिनियमचा पॅन त्या तापमानाच्या जवळ नेऊ नये. ६६० अंशांना तो वितळतो आणि त्याच्या बराच आधी मऊ पडतो. तिथे अल्युमिनाची मूस किंवा प्लॅटिनमचा पॅन घ्यावा.

याच विचाराची दुसरी बाजूही उपयोगाची आहे. ज्या संक्रमणात सुप्त उष्णता नसते, जे सलग घडते, त्यात औष्णिक हिस्टेरिसिस असायला नको. स्ट्रॉन्शियम टायटेनेटचे १०५ केल्विनजवळचे संक्रमण या जातीचे आहे. अशा संक्रमणात तापवण्या-थंड करण्याचे आकडे वेगळे येत असतील, तर दोष पदार्थात शोधण्यात अर्थ नाही. थर्मोकपल (तापमान मोजणारी दोन धातूंच्या तारांची जोडी), त्याची जागा आणि दर एवढेच तपासावे.

सोरा : तापवताना एक शिखर, थंड करताना दोन

पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे आपला सोरा, हा या विषयातला उत्तम शिक्षक आहे, कारण तो स्वस्त आहे, सुरक्षित मर्यादेत हाताळता येतो, आणि त्याचे १२७.७ अंशांचे संक्रमण तापमापनाचे संदर्भमूल्य म्हणून वापरले जाते. नव्या विद्यार्थ्याने तो मोजला की ठरलेली शंका येते : तापवताना १३० अंशांच्या आत एकच सुबक शिखर, आणि थंड करताना दोन शिखरे, त्यातले दुसरे कधी ११० च्या आसपास, कधी त्याच्याही खाली, कधी इतके पसरलेले की ते शिखर आहे की आधाररेषेची लाट, हेच कळत नाही.

नमुना अशुद्ध नाही आणि यंत्रही बिघडलेले नाही. साध्या तापमानाला सोऱ्याची रचना ॲरागोनाइटच्या धर्तीची, समचतुर्भुजी असते. तापवल्यावर ती कॅल्साइटच्या धर्तीच्या, अधिक सममित रचनेत जाते, आणि तिच्यात नायट्रेटचे गट दिशेच्या बाबतीत विस्कळीत असतात. थंड करताना मात्र ही उच्च तापमानाची रचना थेट मूळ रचनेत परतत नाही; १२४ अंशांच्या सुमारास ती आधी एका तिसऱ्या, फेरोइलेक्ट्रिक (आपोआप विद्युत ध्रुवण असलेल्या) रचनेत जाते, आणि तिथून पुढे आपल्या सवडीने मूळ रचनेत येते. ही तिसरी रचना थंड करण्याच्या वाटेवरच भेटते. पहिले पाऊल सोपे असते, कारण त्यात अणूंना थोडेच हलावे लागते. दुसऱ्या पावलात मांडणीच बदलते, म्हणून ते रेंगाळते आणि दरागणिक, कणांच्या आकारागणिक वेगळ्या तापमानाला घडते.

यातून एक व्यावहारिक सूचना निघते. थंड केल्यावर लगेच दुसऱ्यांदा तापवले आणि तिसरी रचना काही प्रमाणात शिल्लक राहिली असेल, तर दुसऱ्या तापवणीचा आलेख पहिल्यासारखा येत नाही. म्हणून सोऱ्यावर कॅलिब्रेशन करायचे तर थंड करताना निदान ६० अंशांच्या खाली जावे, तिथे काही वेळ थांबावे आणि मगच पुन्हा तापवावे. ज्या कोणत्या पदार्थात तापवताना आणि थंड करताना शिखरांची संख्या वेगळी येते, तिथे आधी हीच शक्यता मनात आणावी : परतीच्या वाटेवर एखादी अर्धस्थिर प्रावस्था असावी. खात्री करायची तर थंड करण्याच्या दोन शिखरांच्या मधल्या तापमानाला थांबून एक्सआरडीचा, म्हणजे स्फटिकाची रचना दाखवणाऱ्या क्ष-किरण विवर्तनाचा, आलेख घ्यावा. तापवताना कधीच न दिसलेल्या रेषा तिथे दिसल्या, तर उत्तर मिळाले.

आर्द्रता : पावसाळ्यात बदलणारा निकाल

एप्रिलमध्ये मिळालेला आलेख जुलैमध्ये पुन्हा मिळत नाही, अशी तक्रार असेल तर पाण्याकडे पाहावे. अमोनियम नायट्रेटइतके याचे ठळक उदाहरण दुसरे नाही. साध्या तापमानाची त्याची चौथी प्रावस्था ३२ अंशांना तिसऱ्या प्रावस्थेत जाते, तिसरी ८४ अंशांना दुसऱ्या प्रावस्थेत, आणि दुसरी १२५ अंशांना पहिल्या प्रावस्थेत. त्यातले ३२ अंशांचे संक्रमण घनफळ साडेतीन टक्क्यांहून अधिक बदलवते. उन्हाळ्यात गोदामातले तापमान ३२ अंशांच्या वर-खाली होत राहिले की खताचे दाणे फुटतात, त्यांची भुकटी होते आणि ती ओल धरून पोत्यात दगडासारखी बसते, याच्या मुळाशी हेच संक्रमण आहे.

मोजणीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की नमुना पूर्ण कोरडा असेल तर ३२ अंशांचे शिखर येतच नाही. चौथी प्रावस्था तिसरीला वगळून, ५० अंशांच्या आसपास थेट दुसरीत जाते. चौथ्या प्रावस्थेतून तिसरीत जाताना रचना मोडून पुन्हा मांडावी लागते, आणि कणांच्या पृष्ठभागावरचा पाण्याचा अतिसूक्ष्म थर ते काम सुकर करतो. पाणी नसले की ती वाट बंद होते. म्हणजे एकाच बाटलीतला पदार्थ, एकच यंत्र आणि एकच दर ठेवूनही झाकण किती वेळ उघडे राहिले यावर संक्रमणांची संख्या ठरते. ३० अंशांना सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास पोहोचली की हा पदार्थ हवेतले पाणी ओढू लागतो. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात आर्द्रता दिवसेंदिवस ८० टक्क्यांच्या वर असते, तेव्हा पॅन भरून होईपर्यंतच नमुना ओला झालेला असतो. येथे नमुना शुष्ककात, म्हणजे डेसिकेटरमध्ये ठेवणे पुरेसे नाही. वजन करणे आणि झाकण बंद करणे हेही कोरड्या हवेच्या पेटीत व्हावे, आणि आधीचे व नंतरचे वजन लिहून ठेवावे. अमोनियम नायट्रेट काही मिलिग्रॅमच घ्यावे, त्यात तेल, कागद, साखर किंवा कोणताही सेंद्रिय अंश येऊ देऊ नये, आणि केवळ ३२ ते ८४ अंशांमधल्या संक्रमणांसाठी १०० अंशांच्या वर जाण्याचे काहीच कारण नाही.

पातळ थरातले संक्रमण : व्हॅनेडियम डायऑक्साइड

रोध मोजून संक्रमण पाहणाऱ्यांची तक्रार थोडी वेगळी असते. व्हॅनेडियम डायऑक्साइडचे धातू-अधातू संक्रमण मॉरिन यांनी १९५९ मध्ये दाखवले. ६८ अंशांच्या सुमारास, म्हणजे ३४० केल्विनला, एकसंध स्फटिकाचा रोध दहा हजार ते एक लाख पटींनी कोसळतो. चांगल्या स्फटिकात हिस्टेरिसिस एक-दोन अंशांचा असतो, थरांत तो अनेकदा ५ ते १० अंशांचा किंवा त्याहून अधिक असतो, आणि सिलिकात रुतवलेल्या नॅनोकणांत तो कित्येक दशक अंशांपर्यंत वाढलेला पाहिला गेला आहे. कण जितका लहान, तितका त्यात केंद्रकाला आधार देणारा दोष असण्याची शक्यता कमी. म्हणून शुद्ध, बारीक कण अधिक हट्टी निघतात. हे खरे अंतर आहे आणि ते घालवायचे नसते.

घालवायचे आहे ते प्रवाहाने होणारे तापणे. मोजणीसाठी थरातून सोडलेला प्रवाह थराला स्वतःच तापवतो, आणि थर्मोकपल खालच्या ठोकळ्यावर असल्यामुळे त्याला ते कळत नाही. विशेष म्हणजे ही चूक मोजणीच्या पद्धतीनुसार वेगळ्या दिशेला जाते. स्थिर व्होल्टता लावली असेल तर रोध कोसळताच थरात खर्च होणारी शक्ती वाढते. धातुरूप थर ठोकळ्यापेक्षा गरम राहतो, ठोकळा बराच थंड झाल्यावरच थर मागे फिरतो, आणि अंतर खऱ्यापेक्षा मोठे दिसते. स्थिर प्रवाह सोडला असेल तर उलट घडते : अधातू अवस्थेत रोध मोठा म्हणून शक्ती मोठी, थर ठोकळ्याच्या आधीच ६८ अंश गाठतो, तापवण्याचे संक्रमण खाली सरकते आणि अंतर खऱ्यापेक्षा लहान दिसते. दोन जणांनी एकाच थराचे दोन हिस्टेरिसिस सांगितले, तर प्रथम त्यांनी काय स्थिर ठेवले होते ते विचारावे. तपासणी सोपी आहे : प्रवाह किंवा व्होल्टता दहावा हिस्सा करून फेरा पुन्हा घ्यावा. आलेख हलला नाही तर तापणे नगण्य आहे. हलला तर आणखी कमी करावे, आणि चार टोकांची जोडणी वापरावी.

दुसरी चूक अपुऱ्या फेऱ्याची आहे. नमुना ७२ अंशांपर्यंतच तापवून मागे फिरवला, तर काही कण अजून अधातूच असतात. परतीचा आलेख मग मोठ्या फेऱ्याच्या आतून जातो आणि दर वेळी वेगळा येतो, कारण कुठून मागे फिरलो यावर तो अवलंबून असतो. संक्रमणाच्या दोन्ही बाजूंना निदान २०-२५ अंश पलीकडे जावे, तिथे थांबावे आणि मगच फिरावे. हे पथ्य केवळ व्हॅनेडियम डायऑक्साइडपुरते नाही, प्रत्येक हिस्टेरिसिसच्या मोजणीला लागू आहे. थर हवेत अनेक शे अंशांपर्यंत तापवू मात्र नये. तो पेंटॉक्साइडकडे जातो, आणि ते संक्रमण मग परत आणता येत नाही.

एक्सआरडीच्या भट्टीत : मध्यबिंदू पाहावा

उष्ण मंचावरच्या एक्सआरडीत क्ष-किरण भुकटीच्या वरच्या थराला लागतात आणि थर्मोकपल तापणाऱ्या पट्टीला खालून जोडलेले असते. वरचा थर पट्टीपेक्षा कायम थंड असतो, तापवतानाही आणि थंड करतानाही. म्हणून ही चूक दोन्ही आकडे एकाच दिशेला, वर ढकलते. खोलीच्या तापमानाच्या खाली काम करताना ती दोन्ही आकडे खाली ढकलते. दिरंगाईची चूक दोन आकड्यांना परस्परांपासून दूर नेते, पण त्यांचा मध्यबिंदू जवळपास जागेवर राहतो. तापमानाच्या उताराची चूक अंतर तसेच ठेवते आणि मध्यबिंदू हलवते. दोन वेगळ्या यंत्रांवरचे आकडे समोर ठेवल्यावर सर्वांत आधी हेच पाहावे, कारण एवढ्यावरून कोणती चूक शोधायची ते ठरते.

उपाय म्हणून नमुन्यात थोडी अल्युमिना किंवा मॅग्नेशियाची भुकटी मिसळावी. तिचे औष्णिक प्रसरण चांगले माहीत आहे, म्हणून तिच्या रेषांच्या सरकण्यावरून नमुन्याचे खरे तापमान त्याच जागी मिळते. पट्टी तापून वर उचलली गेली की सगळ्या रेषा सरकतात आणि जालक बदलल्याचा भास होतो. तो भासही याच मिसळलेल्या भुकटीमुळे ओळखता येतो.

पृष्ठभागावरचे संक्रमण : सिलिकॉन (१११)

पृष्ठभागाच्या बाबतीत वरचे सगळे लागू आहेच, पण दोन गोष्टी वेगळ्या आहेत : बदलणारा भाग अणूंच्या काही थरांचाच असतो, आणि तो निर्वात पात्रातल्या उरलेल्या वायूने सहज मळतो. सिलिकॉनच्या (१११) पृष्ठभागाची ७×७ पुनर्रचना (मूळ एककाच्या सातपट लांबी-रुंदीने पुन्हा पुन्हा येणारी अणूंची मांडणी) ८३० ते ८७० अंशांच्या पट्ट्यात विस्कळीत १×१ रचनेत जाते आणि थंड केल्यावर परत येते. लीडच्या, म्हणजे कमी ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांच्या विवर्तनाच्या, पडद्यावर हे स्वच्छ दिसते : मुख्य ठिपक्यांच्या मध्ये सातव्या हिश्श्यांवर बसलेले बारीक ठिपके तापमान वाढवताना फिके होत जातात आणि नाहीसे होतात, मुख्य ठिपके उरतात. १९८१ मध्ये ओसाकाबे आणि सहकाऱ्यांनी परावर्तन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दाखवले की थंड करताना ७×७ चे पट्टे अणूंच्या पायऱ्यांच्या वरच्या कडेपासून सुरू होतात. याचा अर्थ केंद्रकनिर्मितीची जागा पृष्ठभागावर तयारच असते. पायऱ्या नाहीत असा नमुना सहसा मिळत नाही. म्हणून या संक्रमणात कित्येक दशक अंशांचा हिस्टेरिसिस दिसला, तर मी तो पदार्थाचा मानणार नाही. तापमापन आणि स्वच्छता, यांतच कारण सापडते.

तापमापनात पहिला संशय काचेवर घ्यावा. पायरोमीटर, म्हणजे तेजावरून तापमान सांगणारे उपकरण, ज्या खिडकीतून पाहतो तिच्यावर धातूचा किंवा सिलिकॉनचा पातळ थर महिनोन्महिने बसत जातो, प्रकाश कमी पोहोचतो आणि पायरोमीटर खऱ्यापेक्षा कमी तापमान सांगतो. संक्रमणाचा आकडा काही महिन्यांत हळूहळू खाली घसरत असेल, तर नमुना बदलण्याआधी खिडकी बदलावी किंवा तिच्यापुढे झडप बसवावी. दुसरा संशय नमुन्याच्या टोकांवर. प्रवाह सोडून तापवलेल्या पट्टीची पकडीतली टोके मधल्या भागापेक्षा थंड असतात. पायरोमीटर मध्याकडे आणि इलेक्ट्रॉनांचा झोत कडेकडे असला, तर दोघे दोन तापमानांची गोष्ट सांगतात. नमुना सरकवून झोत कडेपासून मध्यापर्यंत न्यावा. आकडा बदलत गेला तर कारण हेच. तापवणाऱ्या प्रवाहाचे चुंबकीय क्षेत्र लीडचे चित्र वाकवते, म्हणून प्रवाह तुकड्यातुकड्यांनी सोडून तो बंद असतानाच्या क्षणांत चित्र घेण्याची सोय करावी.

थंड करण्याच्या वेगालाही येथे महत्त्व आहे. १२०० अंशांच्या झटक्याने पृष्ठभाग स्वच्छ केल्यावर ९०० ते ८०० अंशांचा टप्पा सेकंदाला एखाद्या अंशाच्या संथपणे पार करावा. एकदम थंड केल्यास विस्कळीत तुकडे गोठून राहतात, आणि त्यांच्यात ५×५, ९×९, २×२ अशा अर्धस्थिर रचना दिसतात. तसा नमुना पुन्हा तापवला की संक्रमण पसरट येते, आणि ते पाहून पृष्ठभागावर काही नवी प्रावस्था आहे असे वाटू लागते.

स्वच्छतेचा हिशोब मात्र अटळ आहे. १०⁻⁶ टॉर दाबाला, प्रत्येक आदळणारा रेणू चिकटला असे धरले, तर सुमारे एका सेकंदात पृष्ठभागावर एक थर बसतो. १०⁻¹⁰ टॉरला त्यालाच जवळपास तीन तास लागतात. कमी तापमानाच्या संक्रमणांना हे फार जाचते. सिलिकॉन (००१) वर २०० केल्विनच्या सुमारास होणारे c(४×२) पासून साध्या २×१ कडे जाणारे संक्रमण घ्या : थंड झालेला नमुना स्वतःच पाण्याची वाफ पकडतो, पाण्याचा रेणू फुटून पृष्ठभागावर एक दोष तयार होतो, आणि तो दोष शेजारच्या कललेल्या अणुजोड्यांना एका दिशेला खिळवून ठेवतो. परिणामी संक्रमण पसरते आणि त्याचा आकडा प्रत्येक फेऱ्यात सरकतो. ओळखण्याची रीत अशी : नमुना न तापवता, केवळ थंड ठेवून काही तास तसाच राहू द्यावा आणि मग फेरा घ्यावा. आकडा या थांबण्यानेच सरकला तर दोष वायूचा आहे. थांबूनही जागेवर राहिला आणि फेऱ्यांनीच सरकला, तर तापमापन किंवा नमुन्याची पकड तपासावी.

फेऱ्याफेऱ्याला सरकणारा आकडा

हे सगळे तपासून झाल्यावरही संक्रमण प्रत्येक फेऱ्यात थोडे सरकत असेल, तर पदार्थच बदलत आहे. निकेल-टायटेनियमच्या स्मृतिधातूत प्रत्येक फेरा थोडी विस्थापने, म्हणजे जालकातले रेषीय दोष, मागे ठेवतो आणि मार्टेन्साइट सुरू होण्याचे तापमान खाली जात राहते. फेऱ्यांची संख्या वाढली की हे सरकणे मंदावते. म्हणून तिथे पहिल्या फेऱ्याचा आकडा देऊ नये, आकडा स्थिरावेपर्यंत फेरे घ्यावेत आणि कितव्या फेऱ्याचा आकडा आहे ते लिहावे. निकेलचे प्रमाण दहाव्या हिश्शाच्या अणुटक्क्याने बदलले तरी याच मिश्रधातूचे संक्रमण दहा अंशांच्या आसपास सरकू शकते, त्यामुळे दोन वेगळ्या तुकड्यांची तुलना करताना घटकांचे विश्लेषण सोबत हवे. व्हॅनेडियम डायऑक्साइडचा एकसंध स्फटिक तर काही फेऱ्यांत तडकतो. तडा गेल्यावर केंद्रकाला नव्या जागा मिळतात, ठोकळ्याशी असलेला स्पर्शही बिघडतो, आणि तिथून पुढचे आकडे वेगळ्याच नमुन्याचे समजावे लागतात. तडा सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. प्रत्येक मालिकेच्या आधी आणि नंतर नमुन्याचे एक छायाचित्र घेऊन ठेवले, तर सरकणे कोणत्या फेऱ्यानंतर सुरू झाले ते त्याच्याशी ताडून पाहता येते.